सोनीबाईचं फडकं

शिरपूर जैनच्या शिवारात पालक-मेथी पिकवणाऱ्या सोनीबाईचा माणसांवर फारसा भरवसा नाही. फडक्यावर आहे. दूध, चहा, गोमूत्र, विहिरीचं पाणी, सगळं ती जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळते. फडकं स्वच्छ, म्हणजे वस्तू स्वच्छ. मी तिचा शेजारी, त्यामुळे चिडवायचा हक्क माझाच. "काकू, एकदा माह्यं बोलनंबी गाळून घ्या." ती म्हणते, "मंग उरन काय त्यात?"

तिची लेक समीक्षा बाळंतपणाला यायची होती. तेवढ्यात नर्सबाई सांगून गेल्या, की विहिरीच्या पाण्यात खताचा अंश फार उतरलाय, लहान लेकराला हे पाजू नका. काकूच्या जिवाला लागलं. समीक्षा याच पाण्यावर वाढली होती, आणि नातवंडाची घुटीही याच पाण्यात उगाळायची हा काकूचा हट्ट.

तिचं गाऱ्हाणं ऐकून खतवाल्या उत्तमचंद शेठनं युरियाच्या पोत्याऐवजी नॅनो युरियाची बाटली दिली. "पोत्यातला जमिनीतून विहिरीत झिरपते. हा पानावर फवारा, पानच पेऊन घेते."

काकूनं तो पाण्यात मिसळला आणि सवयीनं फडक्यातून गाळला. फडक्यावर काहीच नाही! तशीच मला ओढत दुकानात गेली. "शेठ, नुसतं पानी देलं काय मले?"

शेठ हसले. त्यांच्या दुकानातल्या नळालाही फडकं बांधलेलं, पाण्यातला जीव पोटात जाऊ नये म्हणून. "बाई, आमी जैन, आमीबी गाळूनच पेतो. पन हे कन लई बारीक. तुमच्या लुगड्याच्या एका धाग्याच्या जाडीत हजारो मावतात. कोनतं फडकं अडवन त्याले?"

काकूनं फडक्याचा एक धागा उपसला आणि उन्हात धरून कितीतरी वेळ पाहत राहिली. मीही पाहिला. खरं सांगतो, अंगावर काटा आला. इतकं लहान काही असतं, आणि ते पानाच्या तोंडातून आत शिरतं!

फवारल्यावर आठवड्याभरात पालक असा हिरवागार झाला, की काकूनं वाफ्याला हात जोडले. मग मला तिथूनच शेठला फोन लावायला लावला. "शेठ, हे फडक्यातून गेलं, पानातून गेलं. तं लेकराच्या पोटात जायले त्याले कोन अडवते?"

शेठ म्हणाले, "मले नाही ठाऊक, बाई. शिकेल लोक अजून तेच तपासून राह्यले."

तेव्हापासून बाटली फक्त बांधापलीकडच्या कपाशीला. पालक-मेथीला शेणखत. काकूचा बाटलीवर राग नाही, उलट आदरच आहे. तिचं नाव निघालं की आवाज खाली येतो.

नात झाली. बाळ घरी आलं त्या सकाळी काकूनं विहिरीतून बादली ओढली, पाणी गाळलं, फडकं उन्हाकडे धरलं. पांढरंशुभ्र. जन्मभर तिला एवढं पुरत आलं होतं.

तिनं ती बादली लिंबाच्या बुडाशी रिकामी केली आणि घुटीच्या पाण्यासाठी हंडा घेऊन गावच्या नळावर रांगेत उभी राहिली.