उलट्या प्लगचा तो फोन

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. आईजवळही नाही. आणि आमच्या डहाणूत बोलणार तरी कुणाशी—माझं काम काय, हेच इथं कुणाला धड कळत नाही. मासळीवालीचा पोरगा दिवसभर दार लावून कॉम्प्युटरपुढे बसतो, एवढंच ठाऊक. तुम्ही ऐका. फक्त मध्ये थांबवू नका, पुन्हा जमायचं नाही.

काम असं. प्रयोगशाळेत उंदरांच्या मेंदूत केसासारख्या बारीक तारा बसवतात आणि उंदीर ओळखीची वाट शोधत पळतो तेव्हा मेंदूतले विजेचे इशारे टिपतात. प्रत्येक लॅब ते आपापल्या तऱ्हेनं साठवते. मी ते एका ठरलेल्या फॉरमॅटमध्ये आणतो, म्हणजे जगात कुणालाही उघडून वापरता येतं. त्यात कुठली तार मेंदूत कुठं होती, हे चुकून चालत नाही. चुकलं की वरचं खाली, खालचं वर.

मला हे काम मीनलताईंनी मिळवून दिलं. तलासरीच्या मास्तरांची मुलगी, पुण्याच्या लॅबमध्ये शास्त्रज्ञ. रेकॉर्डिंग सगळी त्यांचीच. त्यांच्या आईला विसरण्याचा आजार आहे—म्हणून तर त्या स्मरणशक्तीच्या मागे लागल्या होत्या. आपल्याकडचा पोरगा आहे, म्हणून लॅबच्या मुख्य सरांकडे माझ्यासाठी शब्द टाकला.

त्यांचा फोन आला तेव्हा मी किनाऱ्यावर आईबरोबर बोंबील वाळत घालत होतो. हात खारट, फोन खांद्यात दाबलेला. ताई म्हणाल्या, शेवटच्या उंदरांना डोक्यावरचा तारांचा प्लग उलटा लागला होता, त्यांच्या तारांचा क्रम फिरवून घे. फोन ठेवताना पुन्हा बजावलं. मी हो हो केलं. आणि पार विसरलो? छे, तेवढंही नाही. घरी आल्यावर काहीतरी राहिलंय असं डोक्यात टोचत होतं. विचारायला फोन करायचा कंटाळा केला. सगळ्या फाइल्स एकाच साच्यातून काढल्या आणि मोकळा झालो.

पुढे परदेशातल्या कुणीतरी त्या उघडल्या, तर ताईंचा निष्कर्षच निघेना. सरांनी व्हिडिओ कॉल लावला. तारा उलट्या आहेत हे लगेच सापडलं. दुरुस्तीही चुटकीसरशी झाली. मग सरांनी विचारलं, हे कळवायचं कुणाकडून राहिलं? ताई हसत माझ्याकडे वळल्या.

"मी फोनवर सांगितलं होतं ना रे तुला?"

"नाही ताई. तुम्ही नाही सांगितलं."

किती सहज! जीभसुद्धा अडखळली नाही माझी. त्या भांडल्या असत्या तर मी कबूल केलं असतं, असं मी स्वतःला ऐकवत असतो—झूठ आहे सगळं. त्या भांडल्याच नाहीत. "मला तर स्पष्ट आठवतंय..." एवढं म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांना आई आठवली होती. ते मला त्याच क्षणी कळलं, स्क्रीनवर, समोर. अजूनही बोलता आलं असतं. मी माइक बंद केला.

सरांची माफी मागून ताईंनी थोड्याच महिन्यांत लॅब सोडली. आता तलासरीला आईजवळ असतात. डॉक्टरांना दाखवलं, काही निघालं नाही. तरी त्यांचा स्वतःवर भरवसा नाही. म्हणतात, आईचंही असंच सुरू झालं होतं.

मी जातो अधूनमधून. सुके बोंबील घेऊन जातो—निर्लज्जपणा बघा माझा! दुसऱ्या कुणाकडे मी जात नाही, आणि त्यांच्याकडेही दुसरं कुणी फारसं येत नाही. चहा ठेवता ठेवता त्या थबकतात. साखर घातली का रे मी? मागच्या खेपेला हे बोलले होते का तुझ्याशी? तू सांग, तुझं बरोबर असतं. मी म्हणतो, हो ताई, बोलला होतात. त्यांचा जीव भांड्यात पडतो. मग परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसतो.

परवा मी निघालो तर त्या फाटकापर्यंत आल्या. म्हणाल्या, तू आहेस म्हणून बरं, नाहीतर मी कुणाला विचारलं असतं?

मी चपला घातल्या आणि निघालो.

ताईंना बरोबर आठवत होतं. त्यांनी सांगितलं होतं, दोनदा सांगितलं होतं. आणि मी ऐकलं होतं.