फाईल बंद झालेलं घर

"मॅडम, सिस्टर आजही घोटावड्याला थांबल्या होत्या," ड्रायव्हर म्हणाला. "हौसाआजींकडे. चांगला अर्धा तास."

हौसाआजींचे यजमान तीन आठवड्यांपूर्वी गेले होते. ते आमचे पेशंट; त्यांची फाईल बंद झाली होती. मग सुनंदा सिस्टर तिथं कशाला जात होती?

मी पौडच्या पॅलिएटिव्ह केअर टीमची डॉक्टर. आजार बरा होणार नाही हे कळलं की आमचं काम सुरू होतं. घरी जाऊन दुखणं, धाप, जखमा सांभाळायच्या. पेशंट गेला की यादीत त्या जागी दुसरं नाव येतं.

महिन्यापूर्वी सुनंदानं राजीनामा दिला होता. "झोपच लागत नाही, मॅडम," एवढंच म्हणाली. गेल्या आठवड्यात तिनं तो परत घेतला. का, ते सांगितलं नाही. म्हणून गुरुवारी मीच तिच्याबरोबर गाडीत बसले.

आजी ओट्यावर वाल सोलत होत्या. सुनंदा शेजारी बसली, मूठभर शेंगा घेऊन सोलू लागली. बीपीचं मशीन बॅगेतून निघालंच नाही.

"जेवलीस का? झोप येतीया का आता?" आजींनी तिला विचारलं.

"येते थोडी."

"आजी, ही इथं येऊन करते काय?" मी विचारलं.

"काय करनार? बसती. पैल्या दिवशी लई रडली. म्हनली, मी त्या दिशी उशिरा पोचले, म्हाताऱ्याला तरास झाला का? म्या म्हनलं, न्हाई गं बाई. च्या मागितला, दोन घोट पिला, आन् झोपला तो झोपलाच."

सुनंदा हळूच म्हणाली, "मॅडम, आपल्याला शेवट कधी कळतच नाही. फक्त तारीख कळते."

मला माझेच चार-पाच पेशंट आठवले. त्यांचं शेवटी काय झालं, मी कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरना गाठलं. पेशंट गेल्यावरही सिस्टरला त्या घरी एक व्हिजिट द्या, म्हणाले.

"पेशंटच नाही, तर व्हिजिट कसली?"

"सिस्टर टिकावी म्हणून."

"फॉर्ममध्ये तसा कॉलम नाही."

"मग वाढवा."

त्यांनी कुरकुरत कॉलम वाढवला. आता पेशंट गेल्यावर, पंधरा दिवसांत, ज्या सिस्टरनं त्याला सांभाळलं ती ड्युटीवरच एकदा त्या घरी जाते. कुठं कुलूप असतं. ताम्हिणीकडच्या एका घरात मुलानं आम्हालाच धारेवर धरलं. सिस्टरनं सगळं ऐकून घेतलं. सुनंदा अजून आमच्याकडेच आहे.

याआधी स्टाफच्या मनःस्वास्थ्यावर आम्ही दोन लेक्चर्स ठेवली होती. दोन्ही वेळा सगळ्या सिस्टर व्हिजिटवर होत्या. हजर होतो ते आम्ही डॉक्टरच.