चौकटीतला ‘नो’

वामन गजभिये गेल्याची बातमी मला इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली. सकाळी फार्मसीत रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी रांगेत उभा होतो. त्याच्या मुलीने, सुजाताने, इंग्रजीत तीन ओळी लिहिल्या होत्या: बाबा पहाटे झोपेत गेले, त्रास झाला नाही, अंत्यविधीची वेळ नंतर कळवते. त्याखाली हात जोडलेली चित्रं येऊ लागली होती आणि कुणीतरी ‘भावपुर्ण श्रद्धांजली’ लिहिलं होतं. ‘पुर्ण’ ऱ्हस्व. माझा अंगठा ते दुरुस्त करायला खाली गेला... तीस वर्षांचा मित्र गेल्यावर मी पहिली गोष्ट करणार होतो ती ही. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, “यू ऑलराइट, डार्ल?” मी म्हटलं, “येस, येस.” गोळ्या घेतल्या, पैसे दिले आणि बाहेर पडलो.

या गोष्टीला दीड महिना झाला. या काळात वामनबद्दल पुष्कळ जण चांगलं बोलले. पण बोलताना प्रत्येक जण एका गोष्टीपाशी येऊन हळूच हसायचा. वामनच्या नावावर आमच्या भागात एक चूक लागलेली आहे. ती चूक त्याची नव्हती, माझी होती. तो जिवंत असताना मी हे सांगितलं नाही. आता सांगून त्याला काही मिळणार नाही हे मला कळतं, तरी लिहितो.

परदेशी आल्यावर आमची ओळख वेंटवर्थव्हिल उपनगरातल्या एका वाणसामानाच्या दुकानात झाली. तो दुकानदाराकडे जवसाची चटणी मागत होता आणि गुजराती दुकानदाराला जवस म्हणजे काय ते कळत नव्हतं. मी मध्ये पडलो. “तुम्ही पुण्याचे काय?” त्याने विचारलं. मी हो म्हटलं, तेव्हा म्हणाला, “वाटलंच. न विचारता सांगून राहिले.” तो नागपूरचा, रेल्वेच्या सिग्नल विभागात इंजिनियर. मी पुलांचे आराखडे करायचो. दोघांची ऑफिसं जवळ, म्हणून पुढची अकरा वर्षं आम्ही एकाच गाडीने कामावर गेलो. एक आठवडा त्याची गाडी, एक आठवडा माझी. आठवड्याभरातच ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं.

मंडळाच्या वार्षिक अंकाचं संपादन माझ्याकडे असायचं. वामन दर वर्षी एक लेख द्यायचा आणि मी तो लाल करून परत द्यायचो. त्याच्या ‘करून राहिलो’चं मी ‘करत आहे’ करायचो, ‘मले’चं ‘मला’. एकदा त्याने लेख हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, “संपादक, यात माझं नाव तेवढं ठेवलं, मेहरबानी झाली.” आम्ही दोघंही हसलो. ते त्याला लागत असेल असं मला तेव्हा वाटलं नाही. की वाटलं होतं, आणि मी ते बाजूला ठेवलं? या वयात नक्की सांगता येत नाही.

मागच्या कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, निवडणुकीबरोबर आमच्या भागात एका प्रश्नावर जनमत घेतलं गेलं. कौन्सिलच्या सगळ्या सूचना, फॉर्म आणि सेवा यांची एकमेव अधिकृत भाषा इंग्रजी असावी का, असा प्रश्न होता. मतपत्रिकेवर एक रिकामी चौकट असणार होती आणि तिच्यात ‘येस’ किंवा ‘नो’ हाताने लिहायचं होतं. कुंपणांवर पाट्या लागल्या. ‘एक भाषा, एक समाज’ अशा अर्थाच्या पाट्या जास्त होत्या आणि चांगल्या छापलेल्या होत्या. हे झालं असतं तर भाषांतरित पत्रकं बंद होणार होती, काउंटरवर दुभाषा मिळणार नव्हता आणि ज्येष्ठांच्या डे सेंटरमधली हिंदी-मराठी बोलणारी बाई जाणार होती. मी वामनला म्हटलं, “आपल्याला काय फरक पडतो? आपल्याला इंग्रजी येतं.”

“तुले येते बे,” तो म्हणाला. “लीलाबाईले येते का?”

लीलाबाई अमरावतीच्या. मुलाने इकडे बोलावून घेतलं, नागरिकत्वही मिळालं, आणि मग मुलगा कामासाठी पर्थला गेला. बाई इथेच राहिल्या, एका खोलीच्या युनिटमध्ये. अशा वीसेक बाया आणि पाच-सात म्हातारे वामनला माहीत होते. इथे मतदान सक्तीचं, त्यामुळे सगळे मत देणार होतेच. फक्त काय लिहायचं ते त्यांना नीट सांगायला हवं होतं. वामनने एक पानी पत्रक लिहायचं ठरवलं. बूथवर प्रत्येक पक्षाचे लोक देतात तसं, आत नेऊन समोर ठेवायचं आणि बघून लिहायचं. त्याने ते हाताने लिहून माझ्याकडे आणलं, कारण मराठी टायपिंग मला येत होतं आणि प्रिंटर माझ्याकडे होता. “भाषा जशी आहे तशी राहू दे,” एवढंच तो म्हणाला. “बायांले समजली पाहिजे.”

तो कागद माझ्याकडे अजून आहे. शेवटच्या ओळीत त्याने लिहिलं होतं: ‘रिकाम्या चौकटीत असं लिहा’, आणि खाली एक चौकट काढून आत मोठ्या अक्षरांत NO. मराठी मजकुरात रोमन अक्षरं मी आज पहिल्यांदा छापायला देतो आहे. त्या दिवशी मी त्यांच्याभोवती लाल गोल केला आणि समासात लिहिलं, ‘रोमन नको’. वीस वर्षं अंकाला जो नियम लावला तोच मी या कागदालाही लावला. बाकीही थोडं सुधारलं. ‘समजलं नाही तर विचारा’चं ‘शंका असल्यास संपर्क साधावा’ केलं. आणि चौकटीत, सुंदर ठळक टंकात, टाईप केलं ‘नो’.

दीडशे प्रती काढल्या. वामनने त्या गठ्ठ्याने घेतल्या आणि न वाचता वाटल्या. माझ्यावर विश्वास होता म्हणून.

बायांनी सांगितलं तसंच केलं. शाळेच्या हॉलमध्ये पुठ्ठ्याच्या आडोशाला उभं राहून, कागद समोर ठेवून, चौकटीतलं चित्र मतपत्रिकेच्या चौकटीत उतरवलं. बाहेर, इथल्या मतदानाच्या रिवाजाप्रमाणे, सॉसेज भाजत होते, ओळखीचे लोक भेटत होते. लीलाबाई बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, “काढलं बरोबर. वरची मात्रासुद्धा काढली.” मी त्यांना शाबासकी दिली. मात्रा हा शब्द ऐकूनही माझ्या काही लक्षात आलं नाही.

मतदानानंतरच्या सोमवारी मतपत्रिका पुन्हा तपासल्या गेल्या तेव्हा ‘नो’च्या बाजूचा निरीक्षक म्हणून वामन तिथे होता. तिथे काय झालं ते त्याने मला नाही सांगितलं, त्याच्याबरोबर बसलेल्या एका श्रीलंकन गृहस्थाने नंतर सांगितलं. मोजणीवरची बाई एक मतपत्रिका उचलून म्हणाली, हे काय आहे कोण जाणे, आणि ती बाद मतांच्या गठ्ठ्यात ठेवली. मग दुसरी आली. वामन उठला. “इट सेज नो,” तो म्हणाला. बाई सभ्यपणे म्हणाली, “मे बी, मेट. बट आय कान्ट रीड इट.” त्याने हरकत नोंदवली, ती वरिष्ठांकडे गेली आणि फेटाळली जाऊन परत आली. मत वाचता आलं पाहिजे, बाद म्हणजे बाद. त्यानंतर तो खुर्चीत बसून एकेक मतपत्रिका त्या गठ्ठ्यात जाताना बघत राहिला. तिथे ती अक्षरं वाचता येणारा तो एकटाच होता, आणि त्याच्या वाचण्याला अर्थ नव्हता.

प्रस्ताव थोडक्या मतांनी मंजूर झाला. आमची मतं धरली असती तर निकाल फिरला असता का, हे कुणालाच सांगता येणार नाही. बाद मतं एकत्र मोजतात. त्यात कोरी असतात, शिव्या लिहिलेली असतात, आणि आमच्या बायांची होती. किती, ते वेगळं लिहून ठेवत नाहीत. फिरला नसता, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे.

पुढच्या रविवारी मंडळाच्या बैठकीला हॉलमध्ये सगळे जमले. वातावरण तापलेलं होतं. एका तरुण डॉक्टरने पत्रक वर धरलं आणि विचारलं, “सिरियसली, हे कुणी लिहिलं? ‘नो’ मराठीत?” माझ्या हातात चहाचा कप होता. मला बोलायचं होतं, तोंडात शब्द जुळत होते. तेवढ्यात वामन उभा राहिला आणि म्हणाला, “पत्रक माझं होतं. माझ्या हातून झालं.” त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. लोक थोडे बोलले, थोडे हसले. लीलाबाई म्हणाल्या, “आम्ही तं होतं तसंच काढलं, बाप्पा.” आणि विषय बदलला. मी चहा प्यायलो.

परत जाताना तो माझ्या गाडीत होता. लाल दिव्यापाशी थांबलो तेव्हा मी म्हटलं, “वामन, ते मघाशी...”

“हिरवा झाला बे,” तो म्हणाला. “काढ गाडी.”

त्यानंतर तो ‘नोकाका’ झाला. लहान पोरंसुद्धा म्हणायची. दिवाळीच्या कार्यक्रमात सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने मंचावरून विचारलं, “वामनकाका, जेवण आवडलं? हो की नो?” सगळा हॉल हसला. तोही हसला. मी त्याच्या शेजारी बसलो होतो, मीही हसलो. सांगायचं म्हणून मी त्याच्या घरी निदान चार वेळा गेलो असेन. दर वेळी काहीतरी आड यायचं, आणि आलं की मला सुटल्यासारखं वाटायचं. शेवटचं गेलो तेव्हा तो कुठलंसं सरकारी पत्र वाचत होता. मला बघून म्हणाला, “संपादक, ‘उपरोक्त’ म्हणजे सोप्यात काय सांगायचं?” मी म्हटलं, “वरचं.” “मग सरळ वरचं म्हणायला काय जाते लोकांचं,” तो म्हणाला. चहा झाला. मी निघालो. नऊ दिवसांनी तो गेला.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर, लोक पांगल्यावर, मी वामनच्या बायकोला, शांतावहिनींना, सगळं सांगितलं. त्या स्टीलच्या ताटल्या पुसून एकावर एक ठेवत होत्या. मी लाल गोलापासून सगळं सांगितलं. त्यांनी हातातली ताटली पुसून पूर्ण केली.

“आता सांगून राहिले तुम्ही, भाऊजी,” त्या म्हणाल्या.

त्यांनी पुढची ताटली घेतली. मग त्या म्हणाल्या, “मी लई बोलले होते त्यांले त्याच्यावरून. म्हटलं, तुम्ही कायले हात लावला, भाऊजींले करू द्यायचं होतं. ते शिकलेले, त्यांच्या हातून असं झालं नसतं.”

“मग तो काय म्हणाला?”

“जेवाले वाढ म्हणाले.”

त्यांनी मला बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. ताटल्या कपाटात ठेवून आल्यावर एवढंच म्हणाल्या, “मला सांगून काय होते? छापून टाका. ग्रुपवर नका टाकू, तिथं लोक अंगठा दाखवून पुढं जातात.” म्हणून हा लेख. तो त्यांनी वाचला आहे. मी एक शब्दही बदलणार नाही असं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “बदला न बदला, तुमचं तुम्ही पाहा.”

त्या निकालानंतर मराठी-हिंदी पत्रकं बंद झाली. तेव्हापासून वामन दर बुधवारी दुपारी आपल्या गॅरेजचं शटर वर करायचा. आत घडीचं टेबल, चार खुर्च्या. ज्याला जो फॉर्म भरायचा असेल त्याने घेऊन यायचं. इतकी वर्षं मी त्या बाजूला फिरकलो नव्हतो. परवाच्या बुधवारी वहिनींचा फोन आला. “बाया येऊन बसल्या आहेत,” त्या म्हणाल्या. “त्यांले मी काय सांगू?” मी गेलो. वामनची गाडी बाहेर ड्राइव्हवेत होती. टेबलावर त्याचा चष्मा नव्हता, पेन नव्हतं, वहिनींनी सगळं उचललं असणार. फक्त टेबलाच्या त्या बाजूची खुर्ची टेबलापासून जरा लांब ओढलेली होती, त्याचे पाय लांब म्हणून. मी तिच्यात न बसता शेजारची घेतली.

लीलाबाई कम्युनिटी बसचा फॉर्म घेऊन आल्या होत्या. मी त्यांचं सरकारी कार्ड पाहून भराभर भरला आणि सहीसाठी पुढे केला. त्यांनी सही केली नाही.

“वाचा नं,” त्या म्हणाल्या.

“काय वाचू?”

“तुम्ही लिहिलं ते. वामन लिहून झालं की सगळं वाचून दाखवे. नावापाशी बोट ठेवायला लावे.”

मी त्यांच्याकडे कागद फिरवला आणि वरून वाचायला लागलो. नाव, पत्ता, जन्मतारीख, मराठीत सांगत. त्यांनी माझ्या सांगण्याप्रमाणे नावापाशी बोट ठेवलं आणि तिथेच थांबल्या. मग कार्ड उचलून फॉर्मशेजारी ठेवलं आणि दोन्हीकडे आळीपाळीने पाहिलं.

“हे दोन गोल कुठचे आणले?” त्या म्हणाल्या. “माझ्या नावात गोल नाहीत. इथं एक काडी आहे, वर टिंब.”

कार्डावर ‘लि’ ऱ्हस्व होती, एका इंग्रजी ‘आय’ची. मी दीर्घ केली होती, दोन ‘ई’ घालून. नकळत. बाईंना इंग्रजी वाचता येत नाही, पण आपलं नाव कसं दिसतं ते त्यांना माहीत होतं. असा फॉर्म गेला असता तर नाव जुळत नाही म्हणून परत आला असता, आणि का परत आला हे त्यांना इंग्रजीत कळवण्यात आलं असतं.

मी नवा फॉर्म घेतला. बाईंनी कार्ड माझ्या डोळ्यांसमोर धरलं, आणि मी बघून बघून, होतं तसंच, एकेक अक्षर चौकटींत उतरवलं.