गेम जॅम आणि पाचावर धारण

कार्यक्रम संपला की खुर्च्या परत जातात, बॅनर गुंडाळला जातो. मागं उरतात ते किस्से. आमचे तर सगळे घाबरण्याचेच उरले!

मी नांदेडला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. लातूरच्या एका शाळेत आम्ही गेम जॅम ठेवला होता. म्हणजे शनिवार-रविवारात कॉलेजच्या मुलांनी शिकवणारे गेम बनवायचे आणि शाळेतल्या लेकरांनी तिथंच खेळून बघायचे. मुखेड, किनवटहून लेकरं आलेली. जोडीला त्या शाळेचे गायकवाड सर.

* * *

शनिवारी सकाळी सगळे कॉम्प्युटर एकदम चालू केले आणि यूपीएस धाडकन फुटला. लॅबभर धूर! आम्ही लेकरांना बाहेर काढलं, मेन स्विच पाडला.

धूर विरला तर गायकवाड सर डोळे मिटून भिंतीला चिकटलेले.

"सर, लागलं का?"

"मॅडम, आधी हे सांगा, मी हाय का?"

* * *

दुपारी किनवटच्या होस्टेलची सुरेखा शांतपणे म्हणाली, "मॅडम, टेबलाखाली साप हाय."

सगळे हसले. खाली एक्स्टेंशनच्या वायरींचा गुंता होता. मी म्हटलं, "अगं, वायर आहे ती."

"वायरीला जीभ नसती मॅडम."

पुढच्या क्षणी अख्खा गेम जॅम टेबलांवर! सर्पमित्र येईपर्यंत खाली पाय टेकवायची कुणाची छाती झाली नाही. त्यानं साप बरणीत घातला आणि म्हणाला, "घोणस हाय. बरं झालं कुणी हात नाही घातला." मग मात्र कुणीच हसलं नाही.

* * *

रविवारचा पहिला गेम पाढ्यांचा. उत्तर चुकलं की भूत एक पाऊल जवळ येणार. पोरं किंचाळत खेळत होती. अर्ध्या तासानं मोजलं तर मुखेडची सहा वर्षांची परी गायब!

संडास बघितले, गच्ची बघितली, रस्त्यापर्यंत पळालो. शाळेला लागूनच हायवे! काय काय मनात आलं ते सांगवत नाही. शेवटी सापडली स्टाफरूममधल्या कपाटात, गुडघ्यात डोकं घालून.

मी तिला उचललं तर माझ्या कानात म्हणते, "दार लावा. भूत सात नव्वे इचारून राहिलं. मला येईना!"

गायकवाड सर त्या टीमवर कडाडले, "आत्ताच्या आत्ता भूत काढा!"

"सर, मग गेममध्ये उरतंय काय?"

* * *

शेवटचा गेम भूकंपाचा. तो गायकवाड सरांनी हट्टानं करायला लावला होता. लहानपणी त्यांनी भूकंपात घर पडलेलं बघितलंय. त्याबद्दल ते कधी बोलत नाहीत. स्टार्ट दाबलं की स्पीकरमधून गडगडाट येणार आणि लेकरांनी बेंचखाली शिरून बेंचचे पाय घट्ट धरायचे.

तो गेम बनवणारा आमच्या कॉलेजचा इम्रान माऊस घेऊन बसला. लेकरं तयार. गडगडाट सुरू झाला. खिडक्यांची तावदानं थरथरली, बाटलीतलं पाणी हललं. लेकरं झपकन बेंचखाली! त्यांच्यासोबत गायकवाड सरही, दोन्ही हातांनी दोन पोरींची डोकी झाकून.

मी टाळ्या वाजवल्या. "वा इम्रान! साउंड काय खरा दिलास!"

इम्रानचा चेहरा पांढराफटक.

"मॅडम... स्टार्ट अजून दाबलंच न्हाई."