पाण्याचा हिरवा

आज सोसायटीच्या फाटकाला हिरवा ऑइलपेंट लावताहेत आणि त्या वासाने मला बडोद्यात कारेलीबागेतल्या आमच्या घराची गॅलरी आठवली. शहराबाहेरच्या एका बंद कारखान्याचे फोटो काढून मी तिथे बसून त्यांवर रंगीत पट्टे, त्रिकोण रंगवत असे. त्याच कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेल्या बाबांनी माझी चित्रं कधी धड पाहिली नव्हती. कॉलेजच्या प्रदर्शनाच्या आदल्या सकाळी मात्र ते एका फोटोपुढे थबकले. मागे नवे फ्लॅट, पुढे पाडलेली शेड आणि उरलेल्या एकमेव पाइपवर मी ओढलेला पिवळाधमक पट्टा. "अगं, हा पाण्याचा पाइप! कारखान्यात पिवळा गॅसला असतो, पाण्याला हिरवा." "बाबा, ते डिझाइन आहे." "असू दे ने, पण आमचे लोक बघतील तर हसतील!" मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी माळ्यावरचा हिरव्या ऑइलपेंटचा डबा काढला आणि श्वास रोखून, रेघेबाहेर थेंबही न जाऊ देता, पट्टा हिरवा केला. मी चिडून बघायला गेले, तर चित्र पहिल्यांदाच जागेवर बसलं होतं! दुसऱ्या दिवशी त्यांचे चार जुने सोबती आले, फोटो बघताक्षणी "बराबर, पाणी!" म्हणाले आणि बाबांनी मला टाळी दिली. आता कारखान्याच्या जागी सगळे फ्लॅटच आहेत. पण आजही फोटोवर सरळ रेघ ओढण्याआधी मी स्वतःला विचारते, हिच्यातून काय वाहतंय?