राघवची दोन बोटं

हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. तुम्हाला का सांगतेय — कोण जाणे.

मी मूळची नागपूरची, चेन्नईत गणित शिकवते. माझं सगळं काम एकाच गोष्टीवर — गटांपासून बनणारी बानाख बीजगणितं घ्यायची आणि लेबेग अवकाशांवरचे कारक म्हणून ती उभी करायची. घाबरू नका, तुम्हाला एवढंच पुरे: अशा प्रत्येक अवकाशाला p नावाचा एक आकडा असतो; तो दोन असला, की प्रत्येक कारकाला त्याच अवकाशात जोडीदार मिळतो. आमच्या कितीतरी सिद्धता त्याच्याच जिवावर चालतात. p बदलला, की जोडीदार दुसऱ्याच अवकाशात जाऊन बसतो.

मुलांना हे मीच बजावायची. आणि माझ्याच मोठ्या सिद्धतेत, p दोन नसताना, सवयीने जोडीदार धरून बसले! राघव माझा पीएचडीचा विद्यार्थी, तंजावरी मराठी घरातला. बाहेरच्या पाहुण्यांसमोर मी ती मांडत असताना तो फळ्यापाशी आला, ती ओळ दाखवून हळूच म्हणाला, "मॅडम, हा जोडीदार इथें नाही." कुणीतरी हसलं. कित्येक वर्षांची मेहनत — एका वाक्यात पाण्यात.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी तडक माझ्या खोलीत शिरले. तो माफी मागत मागोमाग आला, हात दाराच्या चौकटीवर. मी दार आपटलं.

वाऱ्याने आपटलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. समुद्राकडून वारा येतोच की — कोण शंका घेणार?

कसला वारा? मला बोटं दिसली होती. दार लागेना, तेव्हा मी खांदा लावून ते पुन्हा रेटलं. हाड मोडलेलं ऐकू आलं. आणि खरं सांगू — त्या क्षणी मला बरं वाटलं.

दोन बोटांची पेरं गेली. इस्पितळात मी ढसाढसा रडले, तर तोच म्हणाला, "रडूं नकात, मॅडम. मीच हात तिथें ठेवलों." त्याला खरंच कळलं नव्हतं? की मला वाचवत होता? मी विचारलं नाही.

त्याने गणित सोडलं. सिरुसेरीच्या आयटी पार्कात नोकरी धरली. लग्नाला आग्रहाने बोलावलं, बायकोला म्हणाला, "ह्याच मॅडम मला आपल्या कारमधे इस्पितळांत नेल्या." मग दोघं वाकली. त्याची अपुरी बोटं माझ्या पायांना लागली. मी आशीर्वाद दिला, आणि केळीच्या पानावर पोटभर जेवून घरी आले.