भंगारातल्या चाळीस पुंगळ्या

मायक्रॉनकाका आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा माझी पोळी खाण्याआधी त्यांनी ती मोजली. खिशातून जाडी मोजायचा कॅलिपर काढला, कडेला लावला, मग मधला तुकडा तोडून त्यालाही लावला आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "कडेला दुप्पट जाड आहे." मला नाही, नवऱ्याला! जणू मी यंत्र आणि तो कारखान्याचा मालक. नेदरलँड्समधल्या आमच्या एनस्खेडे गावातली सगळी मराठी घरं या माणसाला पाठीमागे मायक्रॉनकाका का म्हणतात, ते मला त्या जेवणात कळलं.

विद्यापीठाच्या मोजमाप प्रयोगशाळेत तीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते. 'अंदाजे' हा शब्द त्यांना शिवीसारखा लागायचा. कोरोना आला, दीड मीटर अंतराचा नियम आला आणि काकांचं सोनं झालं. शेजारचा डच म्हातारा बिचारा कुंपणाशी गप्पा मारायला यायचा, तर हे टेप ताणून सांगायचे, "एक मीटर अडतीस. मागे व्हा." थोड्याच दिवसांत म्हातारा यायचा बंद झाला. विषाणूसुद्धा इतका काटेकोर नसावा.

अशा माणसाच्या दारात मी का गेले, तर गरज म्हणून. नवऱ्याच्या नोकरीमागे मी या देशात आले ती डिपेंडंट म्हणून. व्हिसा त्याच्यामुळे, घर त्याच्या नावावर, पालिकेची पत्रंसुद्धा त्याच्याच नावाने. कॉलेजात एनसीसीत रायफल चालवली होती, म्हणून इथल्या नेमबाजी क्लबात गेले. माझ्या एकटीच्या कर्तबगारीवर मिळालेला इथला पहिला कागद म्हणजे रायफलचा परवाना! सप्टेंबरात क्लबाची स्पर्धा होती आणि मला तिथे उतरायचंच होतं. नेमकी दुकानातली काडतुसं संपलेली. परवान्यावर हाताने काडतुसं भरायची नोंद माझ्याकडे होती, पण येत काहीच नव्हतं. क्लबात ते काम येणारा एकमेव मराठी माणूस म्हणजे काका.

घरामागच्या स्खूरमध्ये, म्हणजे सायकली ठेवायच्या लाकडी खोलीत, त्यांचं टेबल होतं. मी कोऱ्या पितळी पुंगळ्यांची, म्हणजे काडतुसांच्या रिकाम्या नळ्यांची, शंभराची पेटी घेऊन गेले. "जय भीम, काका."

"जय भीम. सात मिनिटं उशीर."

मला वाटलं होतं, पेटी फोडायची, दारू भरायची, गोळी बसवायची. काकांनी एक पुंगळी उजेडात धरली. प्रवासात तिचं तोंड किंचित चेपलं होतं. "हे नवीन आहे, तयार नाही," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून, "तुम्हा लोकांना नवीन दिसलं की तयार वाटतं." तुम्हा लोकांना म्हणजे कोणाला, हे विचारायची सोय नव्हती.

मग सुरू झालं. प्रत्येक पुंगळीला तेलाचं बोट लावून साच्यातून काढायची, म्हणजे तोंड गोल होतं. सगळ्यांची लांबी सारखी कापायची. तोंडाची धार आतून-बाहेरून मारायची. बुडाच्या बारीक भोकात कारखान्याने ठेवलेलं पितळेचं कुसळ खरवडायचं. सहा आठवडे मी दर शनिवारी हे केलं आणि काका दारात स्टुलावर बसून माझ्या हातांना नावं ठेवत राहिले. "किती दाबतेस? कणीक आहे का?" काकू खिडकीतून चहा द्यायच्या आणि माझ्याकडे अशा बघायच्या, की मला माझी सहाच आठवड्यांची शिक्षा हलकी वाटायची.

शेवटी वजन. तराजू काकांचा, निकालही काकांचा. प्रत्येक पुंगळी ठेवायची, आकडा बघायचा. ठरवलेल्या वजनाच्या केसभर इकडेतिकडे असली, की "नापास" म्हणून बिस्किटांच्या जुन्या डब्यात टण्णकन टाकायची. संध्याकाळपर्यंत पास झाल्या एकतीस. स्पर्धेला लागणार होत्या चाळीस.

"काका, एवढ्या फरकाने काय होतं? क्लबात कोणी इतकं बघत नाही."

"तुझ्या हाताला हा फरक कळणार नाही, हे मान्य. पण मला कळतो ना! पुढच्या वर्षी उतर."

पुढच्या वर्षी! तुमचं काय जातंय? काका हात धुवायला गेले आणि मी भंगाराचा डबा सरळ सायकलच्या पिशवीत घातला. घरी एकेक पुंगळी तपासली. कुठे चीर नाही, कुठे चेप नाही, धोका काडीचा नाही. त्यातल्या चाळीस काकांकडेच शिकलेल्या पद्धतीने भरल्या. काकांनी पास केलेल्या एकतीसांना मुद्दाम हातसुद्धा लावला नाही. स्पर्धेत मी दुसरी आले.

त्यानंतर तीन महिन्यांत काका कोरोनाने गेले. शेवटच्या निरोपाला मोजक्याच माणसांना परवानगी होती, मी लॅपटॉपवर पाहिलं. माझा खरा निरोप स्पर्धेनंतरच्या सोमवारीच झाला होता.

त्या दिवशी मी त्यांच्या टेबलावर स्पर्धेतला निशाण्याचा कागद ठेवला, शेजारी झाडलेल्या चाळीस पुंगळ्या ओतल्या आणि कुठून आणल्या तेही सांगून टाकलं. वाटलं, आता हाकलतात. एकेक पुंगळी काजळी पुसून त्यांनी पुन्हा तराजूवर ठेवली. चाळीसच्या चाळीस. मी उभीच.

"अजूनही नापास," ते म्हणाले.

माझं डोकं फिरलं. "मग नेम कसा लागला?"

त्यांनी तो कागद उचलला. मधोमध पडलेल्या भोकांवरून बोट फिरवलं. मापाची इतकी हत्यारं हाताशी होती, एकही उचललं नाही.

"तो तुझा होता," ते म्हणाले. "तो मोजायला माझ्याकडे काही नाही."

या देशात आल्यापासून मी जे कोणाच्या तरी तोंडून ऐकायला तरसले होते, ते या तुसड्या माणसाने ऐकवावं, याचा मला इतका राग आला की धड 'येते' म्हणतासुद्धा आलं नाही. सायकल हातात धरून मी घरापर्यंत रडत चालत गेले.